दिवाडीची फेरी आणि पाहुणचाराबद्दलचे काही गैरसमज

गोव्याला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्याची चर्चेस, एखादा समुद्रकिनारा, काजूची खरेदी आणि परतीची गाडी. मांडवी नदीतली बेटे या यादीत नसतात. मग कधी तरी जुन्या गोव्यात सगळे बघून झाल्यावर तीन-चार तास हातात उरतात, कोणी तरी विचारते, ‘पलीकडे काय आहे?’, आणि मंडळी फेरीबोटीत चढतात. पलीकडे दिवाडी आहे. महिनाभर आधी आखलेल्या सहलीपेक्षा अशी आयत्या वेळी ठरलेली बेटाची चक्कर मला जास्त आवडते, हे आधीच सांगून टाकते. मात्र अशा चकरेबद्दल, आणि त्याहून जास्त बेटावरच्या माणसांच्या आगतस्वागताबद्दल, आपल्या डोक्यात काही कल्पना पक्क्या बसलेल्या असतात. त्यातल्या काही सपशेल चुकीच्या असतात, काही अर्ध्या खऱ्या. अर्ध्या खऱ्यांचाच ताप जास्त.

गैरसमज : बेट म्हटले की समुद्र, वाळू आणि बोटीचा लांबचा प्रवास.

पणजीच्या हॉटेलात उतरलेला माणूस आधीच बेटावर असतो, त्याला फक्त ते ठाऊक नसते. तिसवाडी तालुक्याच्या उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र, आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. चारी बाजूंनी पाणी. शिवाय मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, वांशी अशी आणखी बेटे आहेत.

दिवाडीला पुळण नाही, शॅक नाही, वॉटर स्पोर्ट्स नाहीत. मध्ये टेकडी आहे, टेकडीवर पिएदादचे चर्च, आणि सभोवार नदीच्या पातळीला टेकलेली भातशेती. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ गेले की फेरीचा धक्का लागतो. ही कमान वास्को द गामाचा पणतू गोव्याचा व्हाइसरॉय असताना पणजोबांच्या स्मरणार्थ उभी राहिली. नवा व्हाइसरॉय नदीमार्गे येऊन याच कमानीतून समारंभाने शहरात शिरायचा. आज तिच्याखालून स्कूटर आणि मासळीच्या टोपल्या जातात. बेटावर यायला दुसरी फेरी रायबंदरहून आहे, आणि तिसरी उत्तरेकडून, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून. नदी ओलांडायला काही मिनिटे पुरतात.

आणि कोकण रेल्वेने मडगावला गेला असाल, तर दिवाडीवरून तुम्ही गेलाच आहात. थिवी आणि करमळी या स्थानकांच्या दरम्यान गाडी हे बेट ओलांडते. बेटावर ती थांबत नाही. खिडकीतून क्षणभर पाणी, मग शेते, मग पुन्हा पाणी दिसते, आणि तोवर डब्यात सामान काढायची गडबड सुरू झालेली असते.

गैरसमज : फेरीबोट ही पर्यटकांसाठीची मौज आहे.

फेरीबोट हा बेटवासीयांचा रस्ता आहे. ती राज्य सरकारचे नदी परिवहन खाते चालवते आणि पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. १९८६च्या जुलैत पणजीचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा राजधानी आणि पलीकडचा बार्देश यांच्यामधली वाहतूक बराच काळ अशाच बोटींनी सांभाळली. तेव्हा हिला कोणी मौज म्हटले नसते.

सकाळी धक्क्यावर दहा मिनिटे उभे राहिलात तरी हे कळते. साखळ्यांचा खडखडाट होत बोटीची लोखंडी फळी खाली येते, ती सिमेंटच्या उतारावर नीट टेकायच्या आतच पहिल्या स्कूटरचा आवाज वाढलेला असतो. आधी दुचाकी उतरतात, मग माणसे, मग एखादी गाडी. चढताना दुचाकीवाले खाली उतरत नाहीत, हेल्मेटही काढत नाहीत; बसल्या बसल्या शेजारच्याशी दोन वाक्ये बोलतात आणि पलीकडे पोचताच निघून जातात. शाळेची मुले, बँकेत जाणारी बाई, गॅसचे सिलिंडर, पाटीत झाकलेले पाव. या गर्दीत आपण फळीच्या तोंडाशी सेल्फी काढत उभे राहिलो, तर त्यांच्या कचेरीच्या वाटेत उभे राहिलेलो असतो. बेटावरचा आपला पहिला परिचय इथे होतो, आणि तो कसा झाला यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. फेरीवर कडेला सरकून जागा देणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात. न देणाऱ्यालाही.

गैरसमज : बेटावरची माणसे साधीभोळी असतात; आल्यागेल्याला घरात बोलावून जेवू घालतात.

हा सगळ्यांत लाडका गैरसमज. प्रवासवर्णनांनी तो वाढवला, आणि हल्ली व्हिडिओवाल्यांनी तर त्याला खतपाणीच घातले. अनोळखी दारात उभे राहायचे, आतून म्हातारी येणार, ताट वाढणार, डोळे पुसत निरोप देणार. असे कधीच घडत नाही असे मी म्हणणार नाही. पण त्याची अपेक्षा धरून जाणारा पाहुणा हा पाहुणा नव्हेच.

एका मे महिन्यात मी आणि माझी नणंद पिएदादच्या चढावर भर दुपारी चालत होतो. गोव्याच्या जुन्या घरांना पुढे ओटा असतो, त्याला तिथे बालकांव म्हणतात. समोरासमोर दोन दगडी बाके, त्यांना सोपो म्हणायचे, वर छोटेसे छप्पर. रस्ता आणि घर यांच्या मधली ही जागा. इथे बसलेला माणूस घरातही असतो आणि गावातही. अशा एका बालकांवात एक वयस्क बाई चिंच सोलत बसल्या होत्या. पायाखाली आदोळी, म्हणजे आपली विळी. एका बाजूला टरफलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला सुपात चिंचोके. चिंचेचा आकडा पात्यावर असा दाबायच्या की चिंचोका टपकन सुपात पडावा आणि गर हातात राहावा. हात एकदाही न थांबवता त्यांनी विचारले, “खंयचे तुमी?”

नणंद म्हणाली, “पुण्याच्या.”

“ह्या वतांत खंय भोंवतात?” एवढ्या उन्हात कुठे हिंडताय, असे त्यांनी जवळजवळ दरडावलेच. मग आम्हांला सोपोवर बसायला लावले. आत हाक मारली, पाणी आले. चर्च या वेळी बंद असणार, दुकान चारशिवाय उघडणार नाही, त्या वळणावरून गेलात तर सावली आहे आणि पलीकडून गेलात तर कुत्री आहेत, एवढी सगळी माहिती पाण्याचे भांडे रिकामे व्हायच्या आत मिळाली. घरात त्यांनी बोलावले नाही. जेवणाचे विचारले नाही. दार अर्धे उघडे होते आणि ते तसेच राहिले. आम्ही उठलो तेव्हा मात्र त्यांनी हात पुसले, आतून कैऱ्यांची पिशवी आणली आणि नणंदेच्या हातात ठेवली. आमच्यासाठी नव्हे! “ही फेरीवर द्या, तो ओळखतो. माझ्या मुलीला रायबंदरला पोचवील.” कोण तो, कसा ओळखायचा, काही सांगितले नाही. आम्ही रायबंदरच्या धक्क्याला गेलो, फेरीवरच्या माणसाला पिशवी दाखवली, त्याने नुसती मान हलवली आणि ती चाकाजवळच्या खिळ्याला अडकवली.

जेवणाच्या ताटापेक्षा मला हा पाहुणचार मोठा वाटतो. ताट वाढले असते तर आम्ही परके राहिलो असतो. पिशवी दिली म्हणजे तेवढ्यापुरते त्यांनी आम्हांला गावच्या ये-जा करणाऱ्यांत धरले. हे भोळेपण नव्हे. दोन बायकांना दहा मिनिटे जोखून घेऊन केलेला तो हिशेबी विश्वास होता.

गोव्याच्या गावांना अनोळखी ठिकाणी आसरा देण्याघेण्याची सवय जुनी आहे, आणि ती कधीच बिनशर्त नव्हती. त्याचा पुरावा खुद्द मुंबईत आहे. आगबोटींवर नोकरीला जाणारे गोयकार मुंबईत जिथे उतरत ते कूड धोबीतलाव, माझगाव या भागांत आजही सापडतात. प्रत्येक गावाचा स्वतःचा कूड. गावच्या माणसाला अगदी थोड्या पैशांत पथारीपुरती जागा, ट्रंक ठेवायला कोपरा, आणि भिंतीशी देव्हारा. संध्याकाळच्या रोझरीला हजर राहायचे, नियम पाळायचे, भांडण करायचे नाही. बोट मिळेपर्यंत माणूस तिथे राहायचा. ज्या गावांनी अशा संस्था चालवल्या, त्यांना पाहुणचार म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. पाहुण्याचीही कामे असतात, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

गैरसमज : दुपारी दुकाने बंद म्हणजे लोकांना गिऱ्हाईक नको आहे.

दुपारी गोवा जेवतो आणि झोपतो. साधारण एक ते चार. बेटावर हे जास्तच काटेकोर, कारण तिथली गिऱ्हाइके सगळी ओळखीची असतात आणि तीही झोपलेली असतात. पाणी बरोबर न्या, आणि कोणाचे दार वाजवू नका. पुण्याच्या माणसाला याहून जास्त समजावण्याची गरज नसावी.

गैरसमज : दिवाडी म्हणजे जुने पोर्तुगीज गाव.

पांढरे चर्च, रंगीत घरे, शिंपल्यांच्या खिडक्या. पाहणाऱ्याची नजर इथेच अडते. पण मराठी माणसाने तरी इथे थांबू नये, कारण या बेटाचा आपल्या इतिहासाशी थेट धागा आहे.

गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटीश्वर. त्यांच्या नाण्यांवर या देवाच्या कृपेचा उल्लेख असे. त्याचे मूळ देऊळ दिवाडीवर, बेटाच्या उत्तर टोकाला. बहमनींच्या काळात त्याची मोडतोड झाली, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते जमीनदोस्त केले. लिंग भाविकांनी नदीपलीकडे नेले. तो भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तिथे, डिचोलीतल्या नार्व्यात, १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधण्याची आज्ञा केली. तसा शिलालेख दारावर आहे. राज्य सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. खांडोळ्याचा महागणपतीही मूळचा दिवाडीचाच. पिएदादच्या दफनभूमीतल्या लहानशा चॅपेलात कदंबकाळातले दगडी कोरीवकाम आहे. उभे राहून निरखावे असे.

मजा अशी की जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडीवर यायचे, बेट आडवे ओलांडायचे, जुन्या देवळाच्या तळीचे अवशेष पाहायचे आणि दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरून सप्तकोटीश्वराचे दर्शन घ्यायचे, हे सगळे अर्ध्या दिवसात बसते. आखणी लागत नाही. देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने आपण जातो, आणि या वाटेवर अजूनही नदी होडीसारख्या साधनानेच ओलांडावी लागते.

आता याची दुसरी बाजू. हा इतिहास ठाऊक झाला की काही पाहुणे बेटावर हिशेब मागायला आल्यासारखे वागतात. चर्चच्या पायरीवर उभे राहून तिथल्याच माणसाला ‘इथे आधी काय होते माहीत आहे का’ असे विचारतात. त्याला माहीत असते. आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. दिवाडीचे लोक हा सगळा भूतकाळ घेऊन एकमेकांशेजारी राहतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा होतो. दोन वाड्यांमध्ये हद्दीवरून भांडणे होत, पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणे रोवली, लोकांनी ती पाडली. त्या भांडणाचे नाटक करून आता मिरवणूक निघते, पोरे बांबूच्या नळीच्या बंदुकांतून तिरफळे मारतात. भांडणाची जत्रा करून टाकणाऱ्या गावाला बाहेरच्याने इतिहास शिकवायला जाऊ नये.

गैरसमज : रस्त्याच्या दोन्ही बाजूंची ती पाणथळ जमीन मोकळीच पडलेली आहे. उतरायला, फोटो काढायला, पाय बुडवायला काय हरकत?

ती खाजने आहेत, आणि गोव्यातली सगळ्यांत हुशारीची गोष्ट कोणती असे मला विचारले तर मी त्यांचे नाव घेईन. मांडवीला भरतीचे खारे पाणी आतवर येते. त्या पाण्याच्या पातळीलाच, बांध घालून, माणसांनी भाताची जमीन मिळवली. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे दगडी चौकटीतली लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातले जास्तीचे पाणी नदीत जाते. वीज नाही, पंप नाही. पाण्याबरोबर मासळी येते, ती मानशीच्या तोंडाशी जाळे लावून धरतात, आणि ती धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. पावसाळ्यात खारेपणा सोसणारे भात, एरवी मासळी. हे सगळे गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराने, शतकानुशतके सांभाळले.

बांध मातीचा असतो. त्यावरून मोटारसायकल नेली, कडेला चर पडला, भरतीचे पाणी आत घुसले, तर एका वाफ्याचे नव्हे, साऱ्या शेताचे नुकसान होते. जमिनीत मीठ बसले की पीक यायला काही हंगाम जातात. म्हणून बांधावर गाडी घालणाऱ्याला दिवाडीचा शेतकरी ओरडतो. मग आपण घरी येऊन सांगतो, ‘लोक फार तुसडे झालेत हो आता.’

पाय बुडवायचे म्हणाल, तर जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत; त्या दाखवायला म्हणून तिथे सहली निघतात. मांडवीची ओहोटीही वरून दिसते त्याहून जोरकस. कोणी स्थानिक माणूस ‘थंय देंवूं नाकात’, तिथे उतरू नका, असे म्हणाला तर तो पाहुणचाराचाच भाग समजावा.

गैरसमज : मराठीत बोललो की आपण घरचेच.

बऱ्याच अंशी खरे. गोव्यात मराठी वाचली जाते, देवळांत मराठी आरत्या होतात, नाटके होतात, १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली तेव्हा मराठीलाही जागा राहिली. दिवाडीवर तुमचे मराठी बहुतेकांना कळेल आणि त्यांचे कोकणी तुम्हांला निम्म्याहून जास्त कळेल. गडबड होते ती पुढच्या वाक्याला. ‘म्हणजे ही मराठीचीच बोली ना?’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो आणि बालकांवातली हवा एकदम बदलते. १६ जानेवारी १९६७ला गोव्याने मतदान करून महाराष्ट्रात विलीन न होण्याचा कौल दिला. कोकणीला १९७५मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली आणि १९९२मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ज्यांनी यासाठी रस्त्यावर उतरून भांडण केले त्यातले पुष्कळजण अजून हयात आहेत, आणि शक्यता अशी की तुम्हांला पाणी आणून देणारे काका त्यांतलेच एक असतील. वाद घालायला विषय उत्तम आहे. पाहुणा म्हणून गेलेल्याने तो काढू नये, इतकेच. निघताना ‘देव बरें करूं’ म्हणा. आभारासाठी तिथे हेच म्हणतात, आणि परक्याच्या तोंडून ऐकले की माणसे खुलतात.

गैरसमज : पैसे देऊ केले तर माणसे दुखावतात.

पाण्याच्या भांड्याचे पैसे देऊ केले तर दुखावतील, आणि दुखावलेच पाहिजे. पण जिथे खाल्ले, राहिलात, कोणाची सायकल किंवा वेळ घेतला, तिथे पैसे द्यायचेच, घासाघीस न करता. घरगुती मुक्काम देणाऱ्याला गोव्यात पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते, कर असतो, धुण्याची बाई असते, विजेचे बिल असते. ‘घरच्यासारखे’ राहायला मिळाले म्हणून हॉटेलापेक्षा कमी द्यावे, हा आपल्याकडचा खास युक्तिवाद आहे. मला तो कधी पटला नाही.

फोटोचेही तेच. पणजीच्या फोंताइन्हास भागात लोकांच्या दारात उभे राहून फोटोसत्रे होऊ लागली आणि रहिवासी वैतागले. दिवाडीची घरेही तितकीच देखणी आहेत. ओट्यावर कोणी असेल तर विचारा. कोणी नसेल तर घराचा दरवाजा म्हणजे आपली पार्श्वभूमी नव्हे, हे लक्षात असू द्या.

गैरसमज : पूल नाही म्हणून बेट टिकले. पूल होऊच नये.

हे वाक्य परतीच्या फेरीत हमखास ऐकू येते, आणि म्हणणारा कधीच बेटावर राहणारा नसतो. दिवाडीला मुख्य भूमीशी जोडणारा रस्त्याचा पूल नाही, त्यामुळे जमिनींना बिल्डरांची नजर थोडी उशिरा लागली, हे खरे. पण रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत मध्ये नदी असते, आणि फेरी असते किंवा नसते. मुलांच्या परीक्षा, बाळंतपणे, पावसातल्या उशिरा येणाऱ्या बोटी हे सारे त्यांच्या वाट्याचे. बेटावर यावर एकमत नाही. काहींना पूल हवा, काहींना भीती वाटते की पुलाबरोबर शनिवार-रविवारच्या गाड्यांची रांग येईल. तो निर्णय त्यांचा. चार तासांसाठी आलेल्याने मत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याला शांतता एवढी प्रिय आहे त्याने गाडी जुन्या गोव्यात लावून पायी यावे. बेटाला तेवढी मदत पुष्कळ होईल.

गैरसमज : अचानक ठरवून कुठल्याही बेटावर जाता येते.

दिवाडीवर येते, चोडणवर येते. रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलात की धक्क्याजवळच खारफुटीतले सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. मुंबईकरांना घारापुरी जमते, पण लेणी सोमवारी बंद असतात आणि पर्यटकांना रात्री मुक्काम करता येत नाही. तिथल्या तिन्ही वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली तीच मुळी २०१८ साली. लक्षद्वीपला तर प्रवेशाच्या परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. तिथे आधी अर्ज, मग उत्साह. तेव्हा ‘उठलो की निघालो’ हे नदीतल्या बेटांना शोभते. समुद्रातल्या बेटांना आधी विचारून घ्यावे.

दिवाडीला जायचे झाले तर सकाळी लवकर किंवा चारनंतर निघा. डोक्याला टोपी, जवळ पाणी आणि सुटे पैसे ठेवा. बांधावर गाडी घालू नका. आणि उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या माणसाला शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. ती चुकली तर मात्र कोणाच्या तरी पाहुणचाराची खरोखरच परीक्षा होईल.